मेल बंद पडला की आधी रिस्टार्ट नको

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरबद्दल जे छापून येतं ते एकतर एआयमुळं नोकऱ्या जाणार का याबद्दल, नाहीतर ओटीपी कुणाला सांगू नका याबद्दल. दोन्ही ठीकच आहे, पण मधल्या माणसाबद्दल काहीच नसतं. मधला माणूस म्हणजे आम्ही. मी सांगली-इचलकरंजी पट्ट्यात एक सूतगिरणी, दोन पतसंस्था, एक कॉलेज आणि एक नागरी बँक यांचे सर्व्हर बघतो, आणि बघतो म्हणजे प्रिंटरचा कागद अडकला तरी मलाच फोन येतो. पुण्यात याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, इकडं कॉम्प्युटरवाला. असे कॉम्प्युटरवाले प्रत्येक तालुक्यात पाच-पन्नास तरी असतील आणि त्यातले बरेच जण सकाळी चहाबरोबर तुमचा पेपर वाचतात, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण स्नॅपशॉटचा भाग तेवढा कापू नका.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी सकाळी साडेनऊला एका पोराचा फोन आला. आमच्याच लाइनीतला, एका कारखान्याचं सगळं तो एकटा सांभाळतो. म्हणाला, सर, मेल बंद पडला होता पण मी चालू केला, फक्त एप्रिलनंतरचे मेल दिसत नाहीयेत. हे 'फक्त' ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. गेलो तिथं. एक होस्ट म्हणजे खरंखुरं मशीन, त्यावर चार व्हीएम म्हणजे त्याच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन बघणारा), टॅली, हजेरीचं सॉफ्टवेअर आणि मेल. एप्रिलमध्ये मेल सर्व्हरला अपडेट टाकायच्या आधी त्यानं स्नॅपशॉट घेतला, एकदम बरोबर केलं, अपडेट नीट झालं आणि मग तो स्नॅपशॉट तिथंच विसरला. आता स्नॅपशॉट घेतला म्हणजे फोटो काढून अल्बममध्ये ठेवला असं नसतं हो. त्या क्षणापासून जुनी डिस्क गोठते आणि पुढचा प्रत्येक बदल वेगळा साठत जातो, आलेला मेल, उडवलेला मेल, इंडेक्स, नोंदींचे लॉग, सगळं. मेल सर्व्हरवर तर दिवसभर लिहिणंच चालू असतं. तो वेगळा ढीग चार महिने फुगत राहिला आणि त्या शनिवारी स्टोरेज काठोकाठ भरलं. स्टोरेज भरलं की व्हीएम मरत नाही, जागच्या जागी थबकतं, कारण त्याला लिहायलाच जागा नसते.

पोरानं आधी होस्टच रिस्टार्ट केला. झालं नाही. मग स्नॅपशॉटची यादी उघडली तर समोर दोन बटणं, एक डिलीट आणि एक रिव्हर्ट. डिलीटला तो घाबरला, वाटलं डिलीट केलं तर एप्रिलपासूनचं सगळं जाईल, म्हणून रिव्हर्ट दाबलं. नेमकं उलटं आहे! स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे तो वेगळा ढीग मूळ डिस्कमध्ये कालवून टाकणं, त्यात तुमचा एकही मेल जात नाही, जाते ती फक्त मागं फिरायची सोय. रिव्हर्ट किंवा रोलबॅक म्हणजे तो ढीगच उकिरड्यावर. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर व्हीएमवेअर असो, प्रॉक्समॉक्स असो, हायपर-व्ही असो (तिथं चेकपॉइंट म्हणतात), भानगड हीच आहे आणि ही नावं ज्यानं ठेवली त्यानं रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाचा विचार काही केलेला नाही. पोराला मी ओरडलो नाही. माझ्या हातून दहा वर्षांपूर्वी टॅलीच्या व्हीएमवर हेच झालंय, फक्त तेव्हा दोन दिवसांचाच डेटा होता म्हणून व्हाउचर बघून परत मारता आला.

खरं दुःख पुढं आहे. मेल चार-सहा तास बंद राहिल्यानं काहीही बिघडत नाही, हे आधी साहेब लोकांना सांगा आणि स्वतःही लक्षात ठेवा. समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा न बदललेला हिशोब ५ दिवसांचा आहे, आणि ईमेलचा मूळ नियम, आरएफसी ५३२१, त्यातही ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडू नका असंच म्हटलंय. पोस्टमन कुलूप बघून सहीचं पत्र परत नेतो, उद्या परत येतो, तसंच. पण एकदा तुम्ही सही करून पत्र घेतलं की पोस्टमनचं काम संपलं. आपला सर्व्हर २५० (म्हणजे 'मेल घेतला') म्हणतो ना, ती ही सही. त्यानंतर समोरचा सर्व्हर आपल्या रांगेतून तो मेल काढून टाकतो. म्हणजे शनिवारी जे बाहेर थांबले होते ते सगळे मेल संध्याकाळपर्यंत आपोआप आले, आणि एप्रिल ते ऑगस्टचे, ज्यांच्यावर सही झालेली होती, ते कुठूनच येणार नव्हते.

मग काय केलं, तर पहिल्यांदा मेल सर्व्हरच्या व्हीएमची नेटवर्कची वायर काढली, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन कार्ड डिस्कनेक्ट केलं. का, तर ऑफिसमधल्या पंधरा-वीस पीसींवर आउटलुक होतं आणि त्यात आयमॅपची (मेल सर्व्हरवरच राहतो ती पद्धत) लोकल कॉपी होती. आउटलुक सर्व्हरला भेटलं की सर्व्हरवर जे नाही ते आपल्याकडूनही पुसून टाकतं, इमानदारीत. सकाळपासून ज्यांनी आउटलुक उघडलं होतं त्यांचं गेलं होतं, पण शनिवार असल्यामुळं निम्मे लोक आलेच नव्हते. त्यांच्या पीसींची लॅन केबल काढून, मग पीसी चालू करून, आउटलुक ऑफलाइन उघडून सगळं पीएसटीत (आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलीत) काढलं. मोबाइललाही तोच नियम, आधी फ्लाइट मोड. आणि सगळ्यात मजा म्हणजे कॅशियर काका, ज्यांना आम्ही सगळे पीओपी (मेल उतरवून आपल्याच पीसीवर ठेवायची जुनी पद्धत) वापरतात म्हणून हसायचो, पंधरा वर्षं एकच पीएसटी फाइल आणि दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर कॉपी, त्यांचा एकही मेल गेला नाही. एक्स्पोर्टची निम्मी कागदपत्रं काकांच्या सीसीमधनं परत मिळाली. त्या दिवसापासून मी काकांना हसत नाही.

(अजून एक बारीक गोष्ट, ज्यांना डव्हकॉट वगैरे मेलबॉक्सचं सॉफ्टवेअर माहिती आहे त्यांच्यासाठी. रिव्हर्ट झाल्यावर मेलबॉक्समधले प्रत्येक मेलचे यूआयडी नंबरही मागं जातात, मग नवीन आलेल्या मेलला असा नंबर मिळतो जो आउटलुकच्या लेखी आधीच वापरून झालाय, आणि मग नवा मेल दिसतच नाही किंवा नाव एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा. लोकांना वाटतं व्हायरस आला. पीएसटी काढून घेतल्यावर आउटलुकचं प्रोफाइल नवीन बनवा, डोकं फोडू नका.)

स्टोरेज भरलं तर करायचं काय, तर आधी जागा करा. होस्टवर जुन्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या सीडीच्या) फायली पडलेल्या असतात, कुणीतरी चाचणीला केलेलं व्हीएम असतं, ते हलवा. थबकलेलं व्हीएम आहे तसं राहू द्या. जागा झाली की मग स्नॅपशॉट डिलीट, आणि तो चार महिन्यांचा असेल तर कालवाकालवीला तासन्‌तास लागतात, बार ९९ टक्क्यांवर अडकलेला दिसतो, तेव्हा कॅन्सल करायचं नाही, चहा प्यायला जायचं. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मी तर मोबाइलमध्ये अलार्मच लावतो, स्नॅपशॉट घेतला की लगेच दुसऱ्या दिवशीचा अलार्म. डोमेन कंट्रोलरला तर रिव्हर्ट करूच नका. विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यात बचावाची सोय आली आहे, पण दुसरा डोमेन कंट्रोलर असेल तर तोच नीट चालू ठेवणं केव्हाही स्वस्त.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आता दारावर लिहून लावणार आहे. त्याच डिस्कवर, त्याच होस्टवर, त्याच खोलीत असलेली गोष्ट बॅकअप नसते. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात सांगलीत एका ऑफिसचा सर्व्हर आणि त्याचा बॅकअप दोन्ही तळमजल्यावर एकाच रॅकमध्ये होते, पुढचं सांगायला नको. बॅकअप असेल तर तो कधी रिस्टोअर करून बघितलाय का? बघाल तेव्हा रिस्टोअर केलेल्या मेल सर्व्हरचं नेटवर्क आधी बंद ठेवा, नाहीतर त्याच्या रांगेत अडकलेले महिन्याभरापूर्वीचे मेल तो उत्साहानं लोकांना पाठवायला लागतो. मी अनुभवानं सांगतोय, एका सभेची नोटीस सभासदांना सभा होऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी परत गेली आणि चार जण आले पण होते.

आता मेलबद्दल. मेल जात नाही अशी तक्रार आली की लोक काय पाठवतात, तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही अर्धा. परत आलेला मेल पूर्ण मागून घ्या, फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट करून, कारण सगळं उत्तर त्यातच लिहिलेलं असतं आणि तो कुणी वाचत नाही. त्यात तीन आकडी कोड असतो, शेजारी बऱ्याचदा ५.१.१ असा टिंबांचाही. ४ नं सुरू होत असेल तर समोरचा म्हणतोय जरा थांब, ५ नं सुरू होत असेल तर म्हणतोय नाही म्हणजे नाही. ५५० आणि ५.१.१ दिसलं तर ९९ वेळा पत्ता चुकलाय, समोरच्याच्या नावात एखादं अक्षर चुकीचं टाइप केलंय किंवा माणूस नोकरी सोडून गेलाय, त्यात सर्व्हरचा काही संबंध नाही. ५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. ४५१ बऱ्याचदा ग्रेलिस्टिंग असतं, अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतात, थोड्या वेळानं आपोआप जातं. आणि ४५२ ४.३.१ बाहेरच्या लोकांना आपल्याकडून मिळत असेल तर आपलीच डिस्क भरत आलीये, पोस्टफिक्स ठरलेल्या जागेपेक्षा कमी जागा उरली की नवीन मेल घेणंच थांबवतो. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारून बघितलं आणि जागा आहे असं दिसलं तरी डीएफ वजा आय मारून इनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद, ती मोजकीच असते) बघा, मेलडिर या साठवायच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, लाखो बारक्या फायलींनी इनोड संपतात आणि जागा मोकळी दिसते. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

मेल उशिरा येतो अशी तक्रार असेल तर मेलचं हेडर (त्याच्या प्रवासाची नोंद) उघडा आणि रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचा. वरून वाचलं तर गोंधळ होणार. दोन ओळींमधल्या वेळेत जिथं मोठा खड्डा दिसेल तिथं मेल अडकला होता. फक्त टाइमझोन बघा, एका ओळीत अधिक ०५३० असतं आणि दुसऱ्या ओळीत शून्य, मग लोक म्हणतात मेल साडेपाच तास अमेरिकेत अडकला.

आणि घड्याळ! व्हीएमचं घड्याळ होस्टवरून येतं, होस्टचं कुठून येतं ते कुणालाच माहीत नसतं. कधीकधी होस्ट डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतो आणि डोमेन कंट्रोलर व्हीएम म्हणून त्याच होस्टवर असतो नि होस्टकडून घेतो, म्हणजे दोन म्हातारे एकमेकांना किती वाजले विचारतायत. विंडोज डोमेनमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन बंद, आणि सगळे म्हणतात पासवर्ड चुकतोय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायचं, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घुसखोरीसारखा प्रकार घडला तर ६ तासांत कळवायचं. आमच्या भागात किती जणांनी तो वाचलाय देव जाणे. डेबियन लिनक्समध्ये काही न बदलता लॉग आठवड्याला एक अशा चारच जुन्या फायली राहतात, म्हणजे महिनाभर. १८० दिवस आपल्याला स्वतः करावे लागतात.

पतसंस्थावाल्यांसाठी एसपीएफ, म्हणजे आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. एका संस्थेनं सभासदांना मेल पाठवायला बाहेरची सर्व्हिस घेतली, त्यांनी सांगितलं डीएनएसमध्ये (इंटरनेटवरची नावं-पत्त्यांची वही) ही ओळ टाका, वेबसाइटवाल्यानं जुन्या एसपीएफ खाली दुसरं एसपीएफ टाकून दिलं. दुसऱ्या दिवसापासून चेअरमन साहेबांचे रोजचे मेलसुद्धा स्पॅममध्ये. एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच चालतं, दोन झाली की दोन्ही गेली. नवीन सर्व्हिसचा इन्क्लूड जुन्या ओळीतच घालायचा, आणि असं घालत गेलात तरी एकूण १० डीएनएस लुकअपची (त्या वहीत बघण्याची) मर्यादा आहे, ती ओलांडली की परत सगळं फेल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केलेत, जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (त्यात नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ) तिन्ही लागतात. आपण दिवसाला पन्नास मेल पाठवत असलो तरी पहिल्या दोघांपैकी एक तरी हवंच, आणि मी म्हणतो दोन्ही करा, अर्ध्या तासाचं काम आहे. स्वतःचा सर्व्हर असेल तर आयपीचं रिव्हर्स डीएनएससुद्धा (आयपी नंबरवरून नाव सांगणारी नोंद) बघा, ते आपल्या डीएनएसमध्ये नसतं, ज्यानं इंटरनेट दिलंय त्याच्याकडून करून घ्यावं लागतं, आणि कॉल सेंटरवर रिव्हर्स डीएनएस म्हटलं की समोरची ताई राउटर बंद करून चालू करायला सांगते. लेखी मेल करा, टेक्निकल टीमकडं पाठवा म्हणून पाठ सोडू नका.

बँकवाल्यांचं तर २०२५ भर हेच चाललं होतं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन डोमेनवर जायला सांगितलं होतं. वेबसाइट नवीन डोमेनवर उघडली की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटलं. नवीन डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं शून्यापासून करावं लागतं, त्यात जुन्याचं काही चालत नाही. आणि कोपऱ्यात उभं असलेलं झेरॉक्स मशीन, जे स्कॅन करून मेल पाठवतं, त्याच्या पोटात जुना पत्ता तसाच राहतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, यूपीएसचं कार्ड, बॅकअपचं सॉफ्टवेअर, हे सगळे गुपचूप मेल पाठवत असतात. बॅकअप फेल झाल्याचा मेल जुन्या पत्त्यावरून सुटलाच नाही तर कुणाला कळणार? एक दिवस वही घेऊन अख्ख्या ऑफिसात फिरा आणि काय काय मेल पाठवतं ते लिहून काढा. जुनं डोमेन सोडून देऊ नका, रिन्यू करत राहा, नाहीतर उद्या कुणीही ते विकत घेईल आणि खातेदार सवयीनं जुन्या पत्त्यावर पाठवतील ती केवायसी त्याच्याकडं जाईल.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचंही सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आपोआप नवीन होतं, पण डव्हकॉट आणि पोस्टफिक्सला रीलोड केलं नाही तर ते जुनंच दाखवत बसतात. वेबसाइट हिरवी आणि मोबाइलवर मेलला लाल एरर, असं दिसलं की हेच.

लाइट गेल्यावरचं तर आपल्याला पाठच पाहिजे. यूपीएस संपत आला की आधी व्हीएम नीट बंद झाली पाहिजेत, मग होस्ट. लाइट आल्यावर आधी डोमेन कंट्रोलर, दोन-तीन मिनिटांनी बाकीचे, ऑटोस्टार्टमध्ये क्रम आणि डिले टाकता येतो. सगळे एकदम उठले की डीएनएस नसल्यामुळं मेल सर्व्हर रडत बसतो आणि सकाळी आपल्याला फोन. होस्टचा लोकल ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. तो पासवर्ड व्हीएममधल्या एक्सेलमध्ये ठेवणारे महाभाग मी बघितलेत.

एक विनंती संचालक मंडळींना. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. तीन महिन्यांतून एक रविवार सगळं बंद ठेवायची परवानगी आणि बॅकअप परत उभा करून बघायला एक जुनापुराणा पीसी, एवढंच. त्या कारखान्यात एप्रिल ते ऑगस्टचे साधारण पाऊण हिस्सा मेल परत मिळाले, उरलेले लोकांना फोन करून परत मागवावे लागले, आणि त्या पोराला मिळालेल्या मेमोची झेरॉक्स त्यानं सर्व्हर रॅकच्या दारावर चिकटवलीये, खाली स्केचपेननं लिहिलंय: डिलीट = कालवणे, रिव्हर्ट = फेकणे.

आपला,
एक कॉम्प्युटरवाला, जि. सांगली

ता. क. मोठ्या फायली जात नाहीत ही तक्रार उद्या येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मेलमध्ये फाइल घातली की ती एक तृतीयांशानं फुगते, मेलची रचनाच तशी आहे. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे, म्हणायला १० एमबी, पण फाइल सात-साडेसात एमबीच्या वर गेली की अडकते. आणि शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र समोरच्याला चिनीसारखं दिसत असेल तर कृपया सर्व्हरवाल्याला बोलावू नका, युनिकोडमध्ये टाइप करा.